बोटांना डोळे हवेत!

मित्रांनो, पिशवीत हात घालून, न बघता आतली वस्तू ओळखायचा खेळ तुम्ही खेळला असालच. पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मीही तो खेळले. फरक एवढाच, की माझी पिशवी चार पायांवर उभी होती आणि अधूनमधून शेपटीचा फटका देत होती!

एका गावात जनावरांच्या तपासणीचं शिबिर होतं. गाय गाभण आहे की नाही, हे मला ओळखायचं होतं. सरांनी आधी माझी नखं पाहिली, कारण वाढलेल्या नखाने गाईच्या आतड्याला इजा होते. मग मी घड्याळ, बांगडी काढली. खांद्यापर्यंत येणारा प्लॅस्टिकचा हातमोजा चढवला आणि साबणाच्या पाण्याने बुळबुळीत केला. हातमोजा आपल्यासाठीही हवाच. ब्रुसेलोसिससारखे जनावरांचे काही रोग माणसांनाही होतात.

आता हात कुठे घालायचा? सांगते, पण नाक मुरडू नका हं! शेपटीखाली, शेण पडतं त्याच वाटेने. आधी आतलं शेण बाहेर काढायचं. त्या आतड्याच्या खालीच गर्भाशय असतं. ते मधल्या पातळ भिंतीतून चाचपायचं. रिकामं असेल तर मेंढ्याच्या शिंगांसारखे वळलेले दोन सारखे भाग लागतात. गाभण असेल तर एक भाग मोठा होतो, पाणी भरलेल्या फुग्यासारखा. दोन महिन्यांचं वासरू असतं जेमतेम उंदराएवढं!

पहिली गाय एका मावशींची. तीन महिन्यांपूर्वी भरवलेली. मी हात घातला आणि काय सांगू! बोटांखाली टम्म फुगा!

"गाभण आहे!" मी ओरडलेच. मावशींचा चेहरा खुलला.

सरांनी स्वतः हात घालून पाहिलं. आत हलकेच चोळलं. त्याबरोबर गाईने धो धो धार सोडली! माझा 'फुगा' म्हणजे गाईची भरलेली लघवीची पिशवी होती. सगळे हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत.

"पुन्हा बघ," सर म्हणाले. "काय असावं ते नको. हाताला काय लागतंय तेवढंच सांग."

मी पुन्हा चाचपलं. "दोन्ही बाजू सारख्या... पाणी नाही..." माझा घसा कोरडा पडला. "मावशी, गाय गाभण नाही."

"तीन म्हयनं वाया गेलं बघ पोरी," मावशी म्हणाल्या. "पन आज कळलं ते बरं झालं. तुझ्या मघाच्या बोलण्यावर ऱ्हायले असते, तर दिवाळीपतोर वाट बघत बसले असते!"

मित्रांनो, तेव्हा मला या खेळाची खरी किंमत कळली. गाय व्यायल्याशिवाय दूध नाही. गाभण गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. गाभण नसलेली गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. पण कधीकधी माज मुका असतो, मालकाला कळतच नाही. वैरण चालू, वासरू नाही, दूध नाही. उलट चूक तर आणखी वाईट. गाभण गाईला रिकामी समजून पुन्हा भरवलं, तर पोटातलं वासरू जाऊ शकतं.

शेवटची गाय आली तेव्हा मी घाई केली नाही. आधी लघवीची पिशवी ओळखली. मग पुढे चाचपलं. गर्भाशय खाली पोटात उतरलेलं होतं. त्यावर बटणांसारख्या गाठी लागल्या. वार तिथेच चिकटलेली असते. बाजूला एक रक्तवाहिनी मांजराच्या घुरघुरीसारखी थरथरत होती. वासराकडे रक्त निघालं होतं!

जे लागलं ते सगळं मी सांगितलं. सर फक्त म्हणाले, "मग?"

"गाभण. चार महिन्यांच्या पुढे."

त्यांनी हात घालून पाहिलं आणि मान डोलावली.

आता सोनोग्राफीच्या यंत्रावर वासरू पडद्यावर दिसतं. पण यंत्र प्रत्येक गोठ्यात कुठलं असायला? तुमच्याकडे डॉक्टर आले, तर त्यांचा चेहरा नीट बघा. हात आत असताना ते कुठेतरी लांब बघत असतात. कारण तेव्हा त्यांचे डोळे बोटांत असतात!