जुन्या ९११च्या मागच्या सीटवर मूल बसवताना

१९६३च्या सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने ९०१ नावाची गाडी मांडली. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला, म्हणून पुढच्या वर्षी तिचं नाव ९११ झालं. ही गाडी आखली जात असताना कंपनीत एका मुद्द्यावर बरीच ओढाताण झाली होती. मागे किती जागा द्यायची? एर्विन कोमेंडा यांच्यासारख्या जुन्या जाणत्यांचा कल चार मोठी माणसं नीट बसतील अशा गाडीकडे होता. कंपनीचे प्रमुख फेरी पोर्शे यांनी ते मान्य केलं नाही. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.२ मीटरच्या आसपासच ठेवायचं आणि मागे दोन छोट्या सीट द्यायच्या, असा निर्णय त्यांनी दिला. फेरी पोर्शे स्वतः चार मुलांचे वडील होते आणि या गाडीचा आकार रेखणारा फर्डिनांड अलेक्झांडर हा त्यांतला थोरला.

या सीट मुलांनाच शोभतील अशा आहेत. मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना खोलगट गाद्या, आणि प्रत्येकीची पाठ वेगळी. पाठ पुढे पाडली की सामान ठेवायला सपाट जागा तयार होते. पाठीमागे पत्रा, पत्र्यापलीकडे सहा सिलिंडरचं इंजिन. छत मागे उतरत जातं, त्यामुळे मोठ्या माणसाला मान वाकवून बसावं लागतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र तिथे आपली खिडकी मिळते आणि पाय मोकळे राहतात. १९६५ साली आलेल्या एमजीबी जीटीच्या मागचा बाक याच मापाचा होता. जॅग्वारने ई-टाइपमध्ये मागे सीट द्यायचं ठरवलं, तेव्हा १९६६मध्ये चाकांमधलं अंतर ९ इंचांनी वाढवावं लागलं. अशी गाडी घरात असेल तर मुलांनी तिच्यात बसावं असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आधी काय करायला लागतं ते सविस्तर सांगतो.

मूल तिथे मावतं का, एवढंच तेव्हा पाहिलं जाई. धडक बसली तर त्याला कोण धरून ठेवणार, याचा विचार पुढच्या सीटांपुरताही नुकताच सुरू झाला होता. निल्स बोलिन यांनी व्होल्वोसाठी कंबर आणि छाती दोन्ही धरणारा तीन टोकांचा पट्टा १९५९मध्ये तयार केला, पण मागच्या सीटपर्यंत तो पोहोचायला पुष्कळ वर्षं गेली. म्हणून जुन्या गाडीत पाहण्याची पहिली गोष्ट म्हणजे मुलावर येणारी ओढ कुठून कुठे जाते. मुलाच्या कमरेच्या हाडांपासून पट्ट्यात, पट्ट्यातून बोल्टमध्ये, बोल्टमधून पत्र्यात. यातली एक जागा कच्ची असली की बाकीच्या पक्क्या असून काही उपयोग नाही.

ओढ किती असते? ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी भिंतीवर आदळली आणि थांबेपर्यंत पुढून ६० सेंटिमीटर चेपली, असं धरू. २० किलोच्या मुलाला गाडीबरोबर थांबवायला सरासरी ३०० किलोंहून जास्त वजनाइतका जोर लागतो. चेपणं ४० सेंटिमीटरच झालं तर तोच आकडा ५००च्या जवळ जातो. क्षणभर तो याहूनही वर चढतो. नव्या गाड्यांची तोंडं मुद्दाम सावकाश चेपतील अशी बांधलेली असतात. १९६०च्या दशकातल्या गाडीकडून तशी अपेक्षा ठेवता येत नाही. ‘मी धरते ना तिला मांडीवर’ हे प्रेमाने म्हटलेलं वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही. कुठल्याही आईच्या किंवा बापाच्या हातात एवढं बळ नसतं.

आता पट्ट्याकडे येऊ. बऱ्याच जुन्या ९११मध्ये मागे फक्त कमरेचे पट्टे आहेत, आणि कित्येकींमध्ये तेही नाहीत. कमरेचा पट्टा मुलाला सीटवरून उडू देत नाही, पण धड आणि डोकं मोकळं राहतं. ते जोराने पुढे झुकतं आणि समोरच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर हातभरही नसतं. शिवाय मुलाची कंबर लहान, हाडं कोवळी. पट्टा सरकून पोटावर चढतो आणि सगळी ओढ आतड्यांवर येते. यावर उपाय म्हणून काहीजण बूस्टर आणून त्यावरून कमरेचाच पट्टा लावतात. हे करू नये. बूस्टरचं काम एवढंच की मुलाला वर उचलायचं, म्हणजे खालचा पट्टा मांड्यांच्या मुळाशी, कमरेच्या हाडांवर बसतो आणि वरचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधोमध येतो. खांद्यावरचा पट्टाच नसेल तर बूस्टरने फक्त डोकं उंचावर नेलं, बाकी काही साधलं नाही.

दुसरा मोह शर्यतीच्या चार टोकांच्या पट्ट्यांचा. स्पोर्ट्स कारमध्ये ते दिसतात छान. पण मांड्यांमधून जाणारा पट्टा नसला की खांद्याचे दोन पट्टे ताणले जाऊन कमरेचा पट्टा पोटावर ओढतात, आणि बाजारातले बूस्टर अशा पट्ट्यांबरोबर तपासलेलेही नसतात. मुलासाठी स्वतःहून गुंडाळणारा तीन टोकांचा पट्टा हवा.

तो बसवणं हे या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम आहे, आणि नेमकं तेच घाईत उरकलं जातं. आधी मागचं कापड आणि गालिचा उचलून कंपनीने आत नट वेल्ड केलेला आहे का ते बघावं. अनेक गाड्यांत पट्टा दिला नसला तरी जागा करून ठेवलेली सापडते. सीट बेल्टच्या बोल्टचा आटा जगभर जवळपास एकच असतो, ७/१६ इंच, इंचाला २० फेऱ्या. बाकी गाडी मेट्रिक मापाची असली तरीही. त्यामुळे मेट्रिक बोल्ट ठोकून बसवला की नटाचे आटे जातात, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. बोल्ट पट्ट्याबरोबर आलेलाच वापरावा, दुकानातला साधा नको. नट नसेल तर पत्र्याला नुसतं भोक पाडून वॉशर लावणं हा निव्वळ धोका आहे. पातळ पत्र्यातून बोल्ट वॉशरसकट बाहेर येतो. मागून निदान ३ मिलिमीटर जाडीची, कडा गोल केलेली पोलादी पट्टी हवी, आणि ती जाणत्या माणसाकडून वेल्ड करून घ्यायला हवी. वरचं टोक मुलाच्या खांद्याच्या खाली राहता कामा नये. तसं झालं तर धडकेत पट्टा खांदा खाली दाबतो आणि तो भार मणक्यावर येतो.

मग गंज. पोर्शेने ९११च्या संपूर्ण सांगाड्याला जस्ताचा लेप द्यायला १९७०च्या दशकाच्या मध्यावर सुरुवात केली. त्याआधीच्या गाड्या दाराखालच्या पोकळ पट्टीत आणि दारामागच्या खांबाच्या बुडाशी आतून कुजतात, बाहेरचा रंग मात्र चकचकीत असतो. मागच्या सीटच्या खालून आडवी नळी जाते, तिच्यात मागच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार असतात. तिच्या दोन्ही टोकांचा पत्राही तपासावा. पट्ट्याचे बोल्ट याच शेजारात बसतात. कुजलेल्या पत्र्यावर नवा पट्टा लावणं म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला पाळणा टांगणं.

वयाच्या बाबतीत मी कडक आहे. तान्ह्या मुलाची खुर्ची मागे तोंड करून बसवावी लागते, युरोपच्या नव्या नियमानुसार निदान १५ महिन्यांपर्यंत. आणि ९११च्या मागच्या सीटवर तिला जागाच होत नाही. पुढची सीट डॅशबोर्डला भिडवूनसुद्धा ती तिरकी बसते. तिरकी बसवलेली खुर्ची न बसवल्यासारखीच. जुन्या गाडीत एअरबॅग नसल्यामुळे अशी खुर्ची पुढच्या सीटवर ठेवायला तो अडसर राहत नाही, आणि जर्मनीत काही कुटुंबं तसं करतात. मला विचाराल तर बाळाने या गाडीची वाट पाहावी. ब्रिटन आणि जर्मनी या दोन्ही देशांचा कायदाही मुळात पट्टे नसलेल्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल बसवू देत नाही आणि त्याहून मोठ्या मुलाला मागेच बसवायला सांगतो. पट्टे असले तर ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत खुर्ची किंवा बूस्टर लागतं, जर्मनीत उंचीची मर्यादा १५० सेंटिमीटर आहे. आपल्याकडे २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेल्या १९४बी कलमानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खुर्ची सक्तीची आहे, दंड १,००० रुपये. गाडी जुनी असली तरी मुलाची हाडं आजचीच आहेत, म्हणून कायदा जिथे सवलत देतो तिथेही ती घेऊ नये.

राहिली साधारण चार ते दहा ही वर्षं. पाठ असलेलं अरुंद बूस्टर या वयाला उत्तम, कारण जुन्या सीटला डोक्याचा टेका नसतो आणि मागची काच जवळ असते. ते डोळे झाकून मागवू नये. जुन्या गाडीत मुलांची खुर्ची अडकवायच्या आयसोफिक्सच्या कड्या नाहीत, गादी खोलगट आहे, मधला उंचवटा आडवा येतो. दुकानात गाडीच नेऊन बसवून पाहावं. बूस्टरचं बूड गादीवर पूर्ण टेकतं का, बकल त्याच्या कडेवर आडवं पडून दाबलं जात नाही ना, मूल बसल्यावर पट्टा त्याचा त्याला लावता येतो का. मूल शक्यतो चालकाच्या शेजारच्या सीटमागे बसवावं; ती सीट पुढे सरकवता येते, चालकाची येत नाही. पाठ टेकून बसल्यावर डोकं आणि छत यांत चार बोटं जागा उरेनाशी झाली, की त्या मुलाचे मागच्या सीटवरचे दिवस संपले. त्याचं वय काय हे मग पाहू नये.

पुढच्या सीटच्या पाठीचा खटका तपासायचा राहतो. दोन दारांच्या गाडीत मागे जायला ती पाठ वाकवावी लागते. अमेरिकेने १९६८पासून अशी पाठ आपोआप अडकलीच पाहिजे असा नियम केला. इतर देशांतल्या जुन्या सीटचे खटके झिजलेले किंवा मुळातच नसलेले सापडतात.

हवेचा प्रश्न ९११मध्ये खास आहे. हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात गरम पाणी नाही, म्हणून केबिन उबदार करायला एक्झॉस्टच्या नळ्यांभोवतून हवा खेळवून आत आणतात. त्या नळ्या किंवा त्यांचे जोड गंजले की तीच हवा कार्बन मोनॉक्साइड घेऊन येते. या वायूला वास नाही, आणि मागे बसलेलं मूल पेंगलं तर आपण ते कौतुकाने आरशात बघत राहतो. हीटर वापरायचा असेल तर हे जोड दर वर्षी तपासून घ्यावेत आणि बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागच्या सीटजवळ ठेवावा.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांबाबत भारतातल्या मालकांनी जास्त दक्ष राहायला हवं. आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्यात मऊ होतं, चिरतं. ९११मध्ये त्या नळ्या तापलेल्या इंजिनाला लागून, म्हणजे मुलांच्या पाठीमागेच आहेत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि नव्या क्लिपा घालून घ्याव्यात, आणि अग्निशामक पुढे, हाताशी अडकवावा.

शेवटी बाहेर पडण्याचा सराव. मागच्या मुलाला स्वतःचं दार नाही. पुढचं माणूस उतरणार, खटका दाबणार, पाठ वाकवणार, तेव्हा मूल निघणार. घराच्या आवारात गाडी उभी करून हे मुलांसह करून पाहावं: आधी एका बाजूने, मग दुसरं दार उघडत नाही असं धरून. मुलाने आपलं बकल स्वतः सोडायचं, पुढच्याने ‘ये’ म्हणेपर्यंत थांबायचं आणि दप्तर-खेळणी तिथेच टाकायची. पट्टा कापायची सुरी चालकाच्या बसल्या जागेवरून हाताला लागेल अशी बांधावी. डिकीत ठेवलेली सुरी त्या वेळी मिळत नाही.