गावाकडे दुकान टाकताय? आधी सिम आणि वायफायचं बघा

पुण्या-मुंबईतली नोकरी सोडून धाराशिव जिल्ह्यात धंदा टाकायचा विचार करताय? तुळजापुरात प्रसादाचं दुकान, भूमकडे खव्याची भट्टी, कळंबला मोबाइल ॲक्सेसरीज, काहीही असो. भाडं, डिपॉझिट, फर्निचर याचा हिशोब आपण पाच वेळा करतो. सिम मात्र "पुण्यात मस्त चालत होतं" म्हणून तेच ठेवतो. मग गिऱ्हाईक स्कॅनरसमोर फोन धरून उभं, मागे रांग, आणि चक्र फिरतंय!

तर पहिली गोष्ट, प्लॅनचे दर नंतर बघा, आधी रेंज बघा. आपला जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेचा. एका गावात फुल्ल रेंज आणि पलीकडच्या उतारावर शून्य, असं होतं. कंपन्यांना आता वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा द्यावा लागतो, तो बघा. पण नकाशाला तुमचा पत्र्याचा गाळा माहीत नसतो. दोन कंपन्यांची सिम घ्या, गल्ला जिथे ठेवणार तिथेच बसा, आणि सकाळी व संध्याकाळी एक-एक रुपया पाठवून बघा. तुळजापूरला मंगळवारी किंवा शुक्रवारी बघा, कारण गर्दी तेव्हा असते. एका टॉवरवर हजारो फोन आले की दांड्या पूर्ण दिसतात, नेट मात्र हलत नाही. नवरात्रात आणि कोजागरीला मोबाइल डेटावर विसंबू नकाच. तिथे वायरचं कनेक्शन हवं. पेमेंटचा आवाज देणाऱ्या डब्यातही स्वतःचं सिम असतं बरं का. ते कोणत्या कंपनीचं आहे, हे डबा घेतानाच विचारा.

दुसरं, जुना नंबर सोडू नका. तो तुमच्या दुकानाची पाटी आहे. कंपनी बदलायची तर पोर्ट करा. मेसेजमध्ये PORT ऐवजी काही भलतं नको, इंग्रजीत 'पोर्ट', मग जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० वर पाठवा. येणारा कोड आपल्याकडे ४ दिवस चालतो. पुणे आणि धाराशिव एकाच सर्कलमध्ये, म्हणून ३ कामाचे दिवस. मुंबई-ठाण्याचं सिम असेल तर सर्कल बदलतं, ५ दिवस धरा. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. नवं सिम टाकल्यावर यूपीआय ॲप पुन्हा नोंदणी मागू शकतं, त्यामुळे हे काम यात्रेच्या तोंडावर काढू नका.

आता रिचार्ज. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. दर तुलना करताना पॅकची किंमत भागिले दिवस, एवढंच करा. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर बंद होऊ शकतो, आणि पुढे तो दुसऱ्याला दिला जातो. बँकेला तोच नंबर जोडलेला असेल तर काय होईल, विचार करा. दुसरं सिम फक्त जिवंत ठेवायचं असेल तर निव्वळ कॉल-एसएमएसचा पॅक मागा. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने असे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. दुकानदार हा पॅक स्वतःहून सांगेलच असं नाही.

दुकानाचं वायफाय कधी लागतं? नुसत्या पेमेंटला डेटा फार कमी लागतो. पण सीसीटीव्ही घरून बघायचा असेल तर गणित बदलतं. १ एमबीपीएसवर सतत चालणारा एक कॅमेरा दिवसाला जवळपास १०.८ जीबी खातो. रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये तो बसणारच नाही. फायबर मिळत असेल तर फायबर घ्या, नसेल तर गच्चीवर रिसिव्हर लावतात ते एअरफायबर. त्याला मात्र ५जी रेंज चांगली हवी.

स्पीडपेक्षा माझा प्रश्न वेगळा असतो: वायर तुटली तर माणूस कुठून येणार? रस्त्याचं खोदकाम झालं की केबल तुटतेच. गावातलाच केबलवाला असेल तर तासाभरात येईल, सोलापूर-लातूरहून येणार असेल तर वाट बघा. शेजारच्या दोन दुकानदारांना विचारा, "मागच्या महिन्यात किती दिवस बंद होतं?" पहिले तीन महिने महिन्याचंच बिल भरा, वर्षाच्या ऑफरला लगेच भुलू नका. जीएसटी नोंदणी असेल तर बिल फर्मच्या नावाने घ्या, क्रेडिट मिळतं.

आणि लाइट गेली की राउटरही जातो. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, त्यांना छोटा मिनी यूपीएस मिळतो. घेताना अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा फोटो काढून दुकानात दाखवा.