जीएम पिकं : 'शाप की वरदान?' या प्रश्नात अडकू नका



कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत 'जीएम पिके : शाप की वरदान?' हा विषय ठरलेलाच. मी अशा काही स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलो आहे. एक बाजू 'भूक मिटेल' म्हणते, दुसरी 'विषारी अन्न' म्हणते, टाळ्या दोघांनाही पडतात. पण ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कारण या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. ते सुटे कसे करायचे, हे आज कापसाच्या उदाहरणावरून पाहूया.

आधी तंत्र समजून घेऊ

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीत सापडणारा जीवाणू. त्याचं जनुक कापसात घातलं की झाड स्वतःच एक प्रथिन तयार करतं. बोंडअळीने ते खाल्लं की तिच्या आतड्याच्या भिंतीला छिद्रं पडतात आणि ती मरते. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं.

एचटीबीटी ही त्याची पुढची पायरी. यात ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करण्याचा गुणही असतो. म्हणजे फवारणी केली की तण मरतं, कापूस उभा राहतो. हे लिहीपर्यंत याच्या लागवडीला भारतात मंजुरी नाही. तरीही बियाणं चोरून विकलं जातं. विदर्भात त्याला 'चोर बीटी' म्हणतात. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे ते जाहीरपणे पेरून आंदोलन केलं.

प्रश्न १ : खरं काय आहे?

याचं उत्तर पुराव्याने मिळतं. उदाहरणार्थ, 'बीटीमुळे फवारणी संपते' हे खरं का? नाही. बीटी फक्त बोंडअळ्यांसाठी आहे. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर ते चालत नाही.

मग 'बीटी फसलं' हे खरं का? तेही अर्धवट. गुलाबी बोंडअळीत दोन्ही प्रथिनांविरुद्ध प्रतिकारशक्ती आली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठं नुकसान झालं. पण अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा चांगला परिणाम दिसला होता. शिवाय ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं मिळायचं, ते शेताच्या कडेने लावायचं होतं. तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी संकर करतात, त्यामुळे प्रतिकार हळू पसरतो. अनेकांनी ते बियाणं लावलंच नाही.

प्रश्न २ : धोका किती?

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने मात्र कर्करोगाची शक्यता नाही असं म्हटलं. स्पर्धेत प्रत्येक बाजू आपल्या सोयीची संस्था उचलते. पण दोघींनी विचारलेले प्रश्न वेगळे होते. पहिलीने विचारलं, हा पदार्थ मुळात कर्करोग घडवू शकतो का? दुसरीने विचारलं, प्रत्यक्षात जेवढा संपर्क येतो तेवढ्याने होईल का?

साधं उदाहरण घ्या. घोणस विषारी आहेच. पण तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला ती चावण्याची शक्यता कमी आणि धुऱ्यावर अनवाणी चालणाऱ्याला जास्त. म्हणून 'धोका आहे' म्हणताना कोणाला, हे सांगा. दुकानातून सुती शर्ट घेणारा आणि हातमोजे न घालता पंप पाठीवर घेणारा मजूर यांचा धोका सारखा नाही.

प्रश्न ३ : कोणाचं भलं, कोणाचं नुकसान?

इथे विज्ञान एकटं निर्णय देत नाही. निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि खर्च परवडत नाही, म्हणून शेतकऱ्याला एचटीबीटी हवं असतं. पण निंदणी बहुतेक बायका करतात. ते काम गेलं तर त्यांची हंगामाची मजुरी जाते. त्यातच चोर बियाण्याचं पक्कं बिल मिळत नाही. पीक उगवलं नाही, तर दाद कोणाकडे मागणार? म्हणजे बंदीचा भुर्दंडही शेतकऱ्यालाच. या दोन्ही बाजूंनी प्रामाणिक माणूस बोलू शकतो.

स्पर्धेला जाताना

१. विषय अरुंद करून घ्या. 'जीएम चांगलं की वाईट' ऐवजी 'एचटीबीटी कापसाला लागवडीची परवानगी द्यावी' असा. एक पीक, एक गुण, एक निर्णय.

२. तुमच्या प्रत्येक मुद्द्यापुढे १, २ किंवा ३ लिहा. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याचा पुरावा पुरत नाही, आणि पहिल्या प्रश्नाला भावना पुरत नाहीत.

३. कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल, हे एका वाक्यात लिहून ठेवा. लिहिता आलं नाही, तर तयारी अपुरी आहे.

४. आदल्या दिवशी विरुद्ध बाजूने बोलून पाहा.

हीच पद्धत जीएम मोहरी, अणुऊर्जा किंवा चेहरा ओळखणारे कॅमेरे अशा कुठल्याही विषयाला चालते. टाळ्या कदाचित कमी पडतील. पण समोर बसलेल्या कापूस उत्पादकाच्या मुलीला, घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी मिळेल.