जू आणि लगाम : जुंपणीच्या शब्दांचे दोन स्तर

अकोल्याच्या जठारपेठेसारख्या नागर वस्तीत वाढलेल्या विद्यार्थ्याने बैलाच्या मानेवरील जू प्रत्यक्ष पाहिले नसले, तरी ‘संसाराचे जू’, ‘संस्थेची धुरा’, ‘खर्चाला लगाम’ हे प्रयोग तो सहज करतो. या शब्दांपैकी पहिले दोन बैलाकडून आले, तिसरा घोड्याकडून. आणि त्यांची कुळेही भिन्न आहेत.

प्रथम वस्तूचा विचार करू. वऱ्हाडी बंडीचे पुढचे निमुळते टोक ती धुर. तिच्यावर आडवे बांधलेले लाकूड ते जू. ते दोन्ही बैलांच्या मानेवर, वशिंडाच्या पुढे टेकते. मान बाहेर सरकू नये म्हणून जुवाच्या भोकांत शिवळा घालतात, आणि गळ्याखालून जोते बांधतात. बैल वशिंडाने जुवाला रेटतो व गाडी पुढे जाते. वखर, तिफण, डवरा असे काम बदलले, की जुवाची लांबी बदलते. रचनेचे तत्त्व मात्र तेच राहते.

यांतील मुख्य शब्द थेट संस्कृतातून प्राकृतामार्गे आलेले आहेत. ‘युग’ शब्दातील आद्य यकाराचा जकार झाला, स्वरमध्यस्थ गकार लोपला आणि ‘जू’ सिद्ध झाले. ‘योक्त्र’ पासून ‘जोत्त’ व पुढे ‘जोते’ झाले. ‘धुर्’ तर जवळजवळ मूळ रूपातच टिकला. (वऱ्हाडात शेताच्या बांधालाही ‘धुरा’ म्हणतात, अर्थनोंद करताना हे दोन प्रयोग वेगळे ठेवावेत.)

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ऋग्वेदात युग, धुर् व योक्त्र हे शब्द रथाच्या घोड्यांच्या संदर्भातही येतात. कारण तेव्हा घोड्यांची जोडीही जुवाखालीच जोडली जाई. पण घोड्याला वशिंड नाही. जड ओझे ओढण्यास त्याला छातीवरचा पट्टा किंवा खांद्यावर बसणारा गळपट्टा अधिक मानवतो. टांग्यात तर एकच घोडा दोन दांड्यांमध्ये उभा राहतो. जू गेले, तसे घोड्यापुरते त्याचे नावही गेले.

घोड्याच्या साजाची नावे मात्र बाहेरून येत राहिली. अमरकोशातील ‘खलीन’ हा शब्द मूळ ग्रीक मानला जातो. पुढे घोडदळ व दरबार यांच्याबरोबर फारसीतून लगाम, जीन, चाबूक आले. ‘साज’ हा शब्दही तिकडचाच. ‘बेलगाम’ या शब्दात तर उपसर्गही फारसीच आहे. ‘वेसण घालणे’ आणि ‘लगाम घालणे’ यांचा लाक्षणिक अर्थ एकच असला, तरी पहिल्यामागे गोठा आहे, दुसऱ्यामागे पागा.

सारांश, बैलाची जुंपणी मूळ तत्त्वात बदलली नाही म्हणून तिचे शब्द टिकले. घोड्याची बदलली, त्याचे स्वामीही बदलले, म्हणून शब्द बदलले. आता ट्रॅक्टरमुळे बैलाची जुंपणीही मागे पडत आहे. ‘जू’ व ‘धुरा’ लक्षणेच्या आधारे जगतील. ‘शिवळ’ आणि ‘जोते’ यांना तो आधार नाही. म्हणून अकोला-अमरावतीच्या खेड्यांत शब्दसंग्रह करताना या लहान भागांची नावे, वस्तूच्या आकृतीसह, आधी नोंदवावीत.