गोलमटोल घुबड मोठं होतं तेव्हा

घुबडाबद्दल आपल्या घरांत दोन टोकाची मतं असतात. कुणासाठी ते लक्ष्मीचं वाहन, तर कुणाला ते नुसतं झाडावर दिसलं तरी अपशकुन वाटतो. मुलांचं मात्र तिसरंच. पोकेमॉनवेड्या मुलांना घुबड म्हटलं की आठवतो रोलेट! चेंडूसारखा गोल, गळ्याशी पानांचा बो-टाय आणि कायम झोपाळलेला. कार्टूनमध्ये तो ॲशच्या बॅगेत शिरून खुशाल झोपा काढतो.

हा रोलेट आला २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, ‘पोकेमॉन सन’ आणि ‘पोकेमॉन मून’ या निन्टेन्डो थ्रीडीएसच्या गेम्समधून. गोष्ट घडते अलोला बेटांवर, जी हवाई बेटांवरून बेतलेली आहेत. खेळाडूला सुरुवातीलाच तीन पिल्लांमधून एक निवडावं लागतं: आगीचं मांजर लिटन, पाण्यातला पॉप्लिओ किंवा आपलं घुबड. इथली छान गोष्ट म्हणजे तुम्ही निवडून भागत नाही, त्या पिल्लानेही तुम्हाला स्वीकारावं लागतं. मुलं रोलेटच्या प्रेमात पडतात ती इथेच.

घुबड म्हणून तो अस्सल आहे. आवाज न करता उडतो, मान जवळपास पूर्ण मागे वळवतो, रात्री जागतो. दिवसा मात्र झाडासारखी उन्हातून ऊर्जा साठवतो, कारण तो एकाच वेळी गवत आणि उडणाऱ्या प्रकारचा आहे. पोकेमॉनच्या लढाईत सगळा हिशोब या प्रकारांवर चालतो. जमिनीच्या प्रकारचे हल्ले रोलेटला लागतच नाहीत, पण बर्फाचा एक फटका चौपट बसतो.

पहिल्या बेटावर त्याचे लाड होतात. बेटाचा प्रमुख हाला कुस्तीगीर पोकेमॉन घेऊन उतरतो आणि रोलेटची साधी टोचसुद्धा त्यांना दुप्पट लागते. तुमचा मित्र हाऊसुद्धा नेमका पाण्याचा पॉप्लिओ घेतो, म्हणजे गवतापुढे कमजोर. मुलांना वाटतं, आपण किती हुशार! मग दुसऱ्या बेटावर किआवेची ज्वालामुखीवरची परीक्षा येते. समोर आग आणि विष दोन्ही असलेली सलॅझल, आणि गवताच्या घुबडाला ही दोन्ही महागात पडतात. एकाच लाडक्याला खेळवून बाकीची टीम कच्ची ठेवली असेल, तर मूल इथे हमखास अडकतं.

मध्ये सतराव्या लेव्हलला रोलेटचा डार्ट्रिक्स झालेला असतो. कपाळावर झुलपं आलेला हा घुबडांमधला कॉलेजकुमार! पिसांवर डाग पडला तर लढाईतलं लक्ष उडेल इतका नटवा. घरात किशोरवयीन मूल असेल तर आणखी वर्णन नको.

खरा पेच चौतिसाव्या लेव्हलला आहे. तिथे तो डेसिड्युआय होतो. उंच, लांब पायांचा, डोक्यावर पानांचं टोपडं घेतलेला तिरंदाज. पंखातलं पीस बाणासारखं चढवून शंभर यार्डांपलीकडचा खडा टिपणारा. त्याचा ‘स्पिरिट शॅकल’ हा हल्ला प्रतिस्पर्ध्याची सावली जमिनीला खिळवतो, मग त्याला मैदानातून बदलता येत नाही. पण त्याचा उडणारा प्रकार जातो आणि जागी भुताचा येतो. साधे आणि कुस्तीचे हल्ले आता त्याच्या आरपार जातात. उलट अंधार आणि भूत या नव्या कमजोऱ्या चिकटतात, आग आणि बर्फ तर होतेच.

आणि तो गोल चेंडू कायमचा संपतो. काही मुलं इथे चक्क रडवेली होतात. रूप बदलत असताना ‘बी’ बटण दाबलं की बदल थांबतो, म्हणून काही जण प्रत्येक लेव्हलला ते दाबत राहतात. ॲशचा रोलेटही कधी बदलला नाही, आणि अलोला लीगमध्ये त्याने हाऊच्या डेसिड्युआयला हरवलं. गेममध्ये मात्र हा हट्ट महाग पडतो. रोलेटच्या सगळ्या क्षमतांची बेरीज ३२०, तर डेसिड्युआयची ५३०. माझं मत विचाराल तर बदलू द्यावा. शांत, सावध दिसणारा हा तिरंदाज अचानक दचकला की पार गोंधळून जातो, हे कळल्यावर तो जुनाच वाटतो. शिवाय ‘पोकेमॉन रिफ्रेश’मध्ये त्यालाही कुरवाळता येतं, बीन्स भरवता येतात. खूप माया लावली की कधी कधी तो जीवघेणा फटका खाऊनही, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून, एका पॉइंटवर तग धरून उभा राहतो.

घरात निन्टेन्डो नसेल तर ‘पोकेमॉन गो’मध्ये २०२२ पासून रोलेट आहे. तिथे लेव्हलऐवजी कँडी लागतात: डार्ट्रिक्ससाठी २५, पुढे आणखी १००. चालायला जाताना मुलांना सोबत न्यायला हे निमित्त बरं आहे.

‘सन’ आणि ‘मून’मधली शेवटची लढाई प्रोफेसर कुकुईंशी होते. पहिल्या दिवशी घुबड निवडलं असेल तर त्यांच्याकडे लिटनचं मोठं रूप, इन्सिनरोर असतं. आग आणि अंधार, म्हणजे डेसिड्युआयच्या दोन्ही दुखऱ्या नसा. त्याचे बाणही त्याला निम्मेच लागतात. म्हणून दुसऱ्या बेटावर भेटणारा मडब्रे वेळीच पकडून वाढवा, त्याचे जमिनीचे हल्ले इन्सिनरोरला दुप्पट लागतात. डेसिड्युआयला कुकुईंच्या दगडी लायकॅनरॉकपुढे उतरवा. आणि इन्सिनरोर मैदानात आला की त्याला माघारी बोलवा, मुलाने कितीही हट्ट केला तरी.