करवत कोणाची?

जुन्या विलायती करवतीवर नाव दिसले, म्हणजे कारखानदार सापडला, असे तुम्हांला वाटेल. पण नाव वाचणे निराळे आणि कारखानदार ओळखणे निराळे.

प्रथम एक विनवणी. करवत हाती येताच काचकागदाने गंज खरडू नका! मोठ्या करवतींच्या पात्यावर पुढेपुढे आम्लाने नाव कोरीत. ती अक्षरे इतकी उथळ असतात की घटकाभराच्या उत्साहात कायमची जातात, आणि पुष्कळदा तोच एकमेव पुरावा असतो. लाकडी ठोकळ्याला अगदी बारीक कागद गुंडाळा, तेलाचे दोन थेंब टाका, अलगद फिरवा. भोवतालचे पोलाद उजळते, अक्षरे काळी राहतात. मग पाते उजेडात तिरपे धरून वाचा. पाठीवर पितळी पट्टी असलेल्या लहान करवतीचे बरे असते. तिच्यावरचे नाव ठशाने ठोकलेले, म्हणून टिकते.

आता मुठीवरची पितळी चकती. 'वॉरंटेड सुपीरियर' हे कोणा साहेबांचे नाव नव्हे! ती नुसती ग्वाही. कित्येकांच्या करवतींवर ती आढळते. 'कास्ट स्टील' म्हणजे मुशीत वितळवलेले पोलाद; ही रीत शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४० नंतरच्या दशकात काढली. 'लंडन स्प्रिंग'ही प्रतीचेच नाव. तेवढ्यावरून करवत लंडनची ठरत नाही. शिवाय मूठ बदललेली असू शकते. पात्याला जादा भोके दिसली, तर चकतीची साक्ष धरू नका.

खरी फसगत पुढेच आहे. शेफील्डचे कारखानदार लोखंडी सामान विकणाऱ्या दुकानदारांची नावे मागणीप्रमाणे घालून देत. स्वतःच्या हलक्या मालाला दुसरेच नाव देत. म्हणून नावाबरोबर गाव, पत्ता, चित्र, सारे टिपून घ्या. हत्ती असला, तर शेफील्डच्या टायझॅक सन्स अँड टर्नर यांच्याकडे बोट जाते.

मग नाव ताडून पाहा. शेफील्डची व्यापारी नामावली १७७४ पासून छापलेली मिळते, आणि सायमन बार्ली यांचा ब्रिटिश करवतकारांवरील जाडजूड ग्रंथ २०१४ साली निघाला आहे. पेढीच्या नावातला बदल तर काळही सांगतो. स्पिअर घराण्याचा धंदा १७६० च्या सुमाराचा. पण जॅक्सन भागीदार झाले १८३० साली. तेव्हा 'स्पिअर अँड जॅक्सन' असा ठसा असलेली करवत त्याआधीची म्हणून कोणी विकू लागला, तर पैसे खिशातच ठेवा.