कोमातील रुग्णाला आपला आवाज ऐकू येतो का? ‘सेन्सरी स्टिम्युलेशन’ थेरपी नेमकी काय आहे?

हिंगोली : सेनगाव, कळमनुरी भागात अपघातात कुणाच्या डोक्याला जबर मार लागला, की अनेकदा रुग्णाला नांदेडला हलवावे लागते. शस्त्रक्रिया होते, रक्तस्राव थांबतो, पण रुग्ण डोळे उघडत नाही. अशा वेळी अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या घरच्यांना एकच प्रश्न पडतो : आत जाऊन त्याच्याशी बोललो, तर त्याला कळेल का?

‘सेन्सरी स्टिम्युलेशन’ थेरपी याच प्रश्नावर उभी आहे. ओळखीचा आवाज, स्पर्श, वास, प्रकाश अशा संवेदना ठरवून, ठरावीक वेळ दिल्या जातात. माणसाला जागे ठेवणारे चेतापेशींचे जाळे मेंदूच्या देठापासून वर पसरलेले असते. संवेदना मिळत राहिल्या तर ते पुन्हा कामाला लागेल, ही यामागची कल्पना.

कोमा की आणखी काही?

कोमात डोळे मिटलेले असतात. काही आठवड्यांनी रुग्ण डोळे उघडतो, झोपतो-जागतो, तरी भोवतालचे भान दिसत नाही, तेव्हा त्याला ‘व्हेजिटेटिव्ह स्टेट’ म्हणतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग कोमात होत्या, असे सर्रास लिहिले गेले; प्रत्यक्षात त्या या दुसऱ्या अवस्थेत होत्या. नोव्हेंबर १९७३ मधील हल्ल्यात मेंदूचा प्राणवायू तुटला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळले. आवडीचे खाणे मिळाले की त्यांच्या चेहऱ्यावर हसू येते, असे रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. त्या बऱ्या झाल्या नाहीत. पण प्रतिसाद काय असतो, हे रोज जवळ असणाऱ्यांनाच आधी दिसते.

पुरावा किती?

थोडाच. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात केवळ ३ अभ्यास आणि ६८ रुग्ण सापडले. त्यावरून थेरपी उपयोगी की निरुपयोगी, हे ठरवता आले नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत १५ रुग्णांवर प्रयोग झाला. नातेवाइकांनी सांगितलेल्या घरच्या आठवणी हेडफोनवर दिवसातून ४ वेळा, ६ आठवडे ऐकवल्या. आठवणी ऐकलेल्या गटात सुधारणा अधिक दिसली. अर्थात १५ हा आकडा लहानच.

२०२४ चा अभ्यास मात्र हादरवणारा आहे. सूचना देऊनही बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांचे मेंदू एमआरआय आणि ईईजीने तपासले, तेव्हा ६० जणांचा मेंदू आतून सूचना पाळत होता. म्हणजे चौघांत एक! खाटेपाशी उभे राहून बिलाची किंवा ‘आता काही खरे नाही’ अशी चर्चा करू नये, ती यासाठी.

घरच्यांनी काय करावे?

उशाशी दिवसभर मोबाइलवर गाणी लावून ठेवणे म्हणजे थेरपी नव्हे. सततच्या आवाजाने मेंदू थकतो. रुग्णाला नावाने हाक मारावी, आपण कोण ते सांगावे, एका वेळी एकच संवेदना द्यावी आणि थांबावे. प्रतिसाद यायला वेळ लागतो. बोट हलले, मान वळली, डोळा आवाजाकडे गेला, तर तारीख-वेळेसह वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत, मग विश्रांती.

सुरुवातीच्या दिवसांत कवटीतील दाब वाढलेला असू शकतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये. चव देण्यासाठी तोंडात पाणी, तीर्थ, मध मुळीच घालू नये. ते फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

‘कोमातून हमखास उठवतो’ म्हणत कुणी महागडे पॅकेज पुढे केले, तर शेत विकण्याआधी वरचे आकडे आठवावेत. आवाज घरचाच लागतो आणि तो फुकट आहे. ज्यांना नांदेडला रोज येणे जमत नाही, त्यांनी गावाकडूनच पाच-दहा मिनिटांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवावे. पेरणी, म्हैस, पोरांची शाळा, काहीही चालेल.